बारा मोठा, वीस लहान

घरात बंदूक आणायची की नाही, हा प्रश्न आमच्या घरी शाळेच्या दप्तरातून आला. आम्ही विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनपासून पाऊण तासावर राहतो. आजूबाजूला मक्याची शेतं, ओकची रानं, मधूनच गाईंचा गोठा. माझ्या बारा वर्षांच्या मुलाच्या वर्गातली कितीतरी मुलं 'हंटर एज्युकेशन'च्या वर्गाला जाणार होती आणि त्यालाही जायचं होतं. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हा वर्ग पुरा केल्याशिवाय इथे सहसा शिकारीचा परवाना मिळत नाही. माझा जन्मही त्यानंतरचाच. नवरा म्हणाला, "नाही म्हणून टाक." मला तसं करवेना. ज्यातलं काही कळत नाही, त्याला नाही कुठल्या आधारावर म्हणायचं? मी दोघांचीही नावं घातली.

कायद्याचं आधी विचारून घेतलं. इथे कामाच्या व्हिसावर राहणाऱ्याला बंदूक बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तरच अपवाद. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे अडचण नव्हती.

बंदूक मला अगदीच अनोळखी होती असंही नाही. सावंतवाडीजवळच्या आमच्या गावी आजोची, म्हणजे माझ्या आजोबांची, ठासणीची बंदूक होती, शेतराखणीच्या परवान्याची. भात पोटरीला आलं की रात्री रानडुकरं यायची आणि आजो माळ्यावर बसायचा. नळीत दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजानं ठासायचं. शेवटी घोड्याखाली केप. आम्हा पोरांना तिला शिवायची बंदी होती. त्यामुळे बंदुकीचा आवाज आणि वास मला ठाऊक होता. बाकी कोरी पाटी.

ती भरण्याचं काम शेजारच्या काकांनी केलं. वय सत्तरीपुढे, सगळी नोकरी यंत्रांचे साचे घडवण्यात गेलेली. आमची मुलं त्यांना काकाच म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं. बंदुकीचा विषय निघाला की या माणसाची मतं संपत नाहीत. त्यांनी आम्हाला तळघरात नेलं. एका भिंतीला पोलादी कपाट, समोर जाड फळीचं टेबल, टेबलावर काडतुसं भरायचं यंत्र, तराजू आणि बाजूला निळ्या पुठ्ठ्याची वही. वहीत रकाने आखलेले: तारीख, पुंगळी, दारू, गोळी. शेवटचा रकाना 'कशासाठी'.

पहिली संध्याकाळ माझ्या डोक्यावरून गेली. आपल्याकडे 'बारा बोअर' म्हणतात, ती इथली बारा गेज. शेजारी वीस गेजची उभी. साहजिकच वीसची नळी मोठी असेल असं मी धरून चालले. उलटं निघालं. नळीच्या तोंडात नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात किती येतात, तो आकडा म्हणजे गेज. बारा गोळ्यांत पौंड भरला तर गोळी मोठी, वीस लागल्या तर लहान. म्हणून बारा मोठा, वीस लहान. एवढं मनात बसवतेय तोवर त्यांनी चारशे दहा पुढे केली आणि म्हणाले, "ही या हिशेबातली नव्हेच. हिचा आकडा इंचातला आहे, पॉइंट चार एक शून्य." मग पॉइंट थर्टी-एट आणि पॉइंट थ्री-फिफ्टी-सेव्हन. नावं वेगळी, पण गोळीची जाडी एकच. थर्टी-एट स्पेशल १८९८ च्या सुमाराची, तिचीच पुंगळी जराशी लांबवून १९३० च्या दशकात थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम केली. जुनं काडतूस नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालतं, नवं जुन्यात घालायचं नाही. आणि पुंगळीची ती जास्तीची लांबी चूक होऊ नये म्हणूनच ठेवलेली आहे.

मी वैतागून विचारलं, "हे सगळं पाठ कशाला करायचं?"

काकांनी खणातून एक पिवळं काडतूस काढलं. वीस गेजचं. म्हणाले, "हे चुकून बाराच्या नळीत टाकलंस, तर ते अडत नाही, पुढे घसरून आत अडकतं. वरून बघणाऱ्याला नळी मोकळी वाटते. त्यामागे बाराचं घालून चाप ओढलास, तर नळी फाटते, आणि तिच्याखाली तुझा डावा हात असतो. म्हणून वीसचं काडतूस पिवळं करतात. आकड्यांत गोंधळ होणारच. पण गोंधळ झालाय हे कळलं की थांबायचं."

त्या दिवसापासून बारा मोठा, वीस लहान हे मी पुन्हा विसरले नाही.

शॉटगन मी आधी दुसरीकडेच चालवून पाहिली होती. एका क्लबात कुणा भल्या माणसानं "तुला हलकी बरी पडेल" म्हणून हलक्या वजनाची बारा गेज हाती दिली. चार बार काढले आणि आठवडाभर खांदा काळानिळा. काका हे ऐकून खरंच रागावले. बाई दिसली की हलकी बंदूक द्यायची, ही त्यांच्या लेखी सगळ्यात मोठी चूक. काडतूस तेच ठेवून बंदूक हलकी केली की दणका वाढतो. वजन असेल तर ते धक्का गिळतं. त्यांनी मला वीस गेजची अर्धस्वयंचलित दिली. तिच्यात उडालेल्या काडतुसाचाच थोडा वायू पुढचं काडतूस भरायला वापरला जातो आणि खांद्याला धक्का एकदम न बसता पसरून बसतो. दस्ता मला लांब पडत होता, तो त्यांनी पाऊण इंच कापला.

ट्रॅपचा खेळ म्हणजे जमिनीलगतच्या खोपटातून तबकडी सुटते आणि ती हवेत फोडायची. खोपटामागे सोळा यार्डांवर पाच जागा, प्रत्येक जागी पाच, मिळून पंचवीस. 'पुल' म्हटलं की तबकडी निघते. पहिल्या डावात माझ्या फुटल्या तीन. दुसऱ्यात दोन. मग काकांनी मला दोन्ही हातांच्या पंजांत छोटी खिडकी करून तिच्यातून दूरच्या खांबाकडे बघायला सांगितलं आणि एकेक डोळा मिटायला लावला. उजवा डोळा मिटला तरी खांब खिडकीत राहिला. डावा मिटला की नाहीसा झाला. मी उजव्या हाताची आणि नेम धरणारा डोळा डावा! चाळीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं. त्यांनी चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला. त्या डावात अकरा फुटल्या.

दुसरी अडचण आजोमुळे होती. आजो सांगायचा, नळीच्या टोकावरच्या माशीवर नजर ठेव. काका म्हणाले, "रायफलला ते खरं. पण शॉटगनच्या माशीकडे बघशील तर बंदूक थांबते आणि पाखरू पुढे जातं. नजर पाखरावर ठेव, हात आपोआप मागे येतील." उभ्या डुकरावर नेम धरणं वेगळं आणि उडत्या पाखराच्या वाटेत पुढे छर्रे पाठवणं वेगळं. हा फरक मला शब्दांनी कळला नव्हता, तबकडीचा धूर झाला तेव्हा कळला.

हँडगनच्या बाबतीत मी जास्त अडखळले. काकांकडे पॉइंट टू-टूचं एक पिस्तूल आहे, एक थर्टी-एटचं रिव्हॉल्व्हर आणि एक पॉइंट फोर-फाइव्हचं १९११. हे शेवटचं जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचं. अमेरिकी सैन्यानं ते १९११ मध्ये घेतलं आणि १९८५ पर्यंत तेच मुख्य पिस्तूल होतं. काका त्याचे भाग सुटे करून फडक्यावर मांडतात तेव्हा त्यांचा आवाजसुद्धा बदलतो. तरी नवख्याला पहिल्यांदा टू-टूच द्यावं यावर ते ठाम आहेत. मोठ्या आवाजानं आधी डोळे मिटतात, मग मनगट झुकतं, आणि ती सवय वर्षानुवर्षं जात नाही.

सात यार्डांवरचा कागद. पाचवी गोळी मधल्या काळ्या वर्तुळात गेली आणि आनंदानं मी मुलाकडे वळले. पिस्तूल हातातच. त्याच क्षणी काकांचा पंजा माझ्या मनगटावर पडला आणि नळी परत समोर गेली. ते ओरडले नाहीत. मॅगझिन काढलं, मग वरची सरक मागे ओढली आणि नळीच्या मागच्या कप्प्यातून एक काडतूस फळीवर पडलं. मॅगझिन निघालं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, अशी माझी समजूत होती. ते एक आतच असतं, हे मी वर्गात ऐकलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि हातात पिस्तूल आल्यावर विसरले होते. "आजचं झालं," एवढंच म्हणून काकांनी सामान आवरलं.

गाडीत मी रडत होते. लांब बंदूक वळवायला अख्खं अंग वळवावं लागतं. पिस्तुलाला नुसतं मनगट पुरतं. जेफ कूपर नावाच्या प्रशिक्षकानं सांगितलेले चार नियम इथे सगळ्यांच्या तोंडी असतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, ज्याचा नाश करायचा नाही त्याच्यावरून नळी फिरवू नका, नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा, लक्ष्य ओळखा आणि त्याच्या पलीकडे काय आहे तेही बघा. मला चारही पाठ होते. समोर माझा मुलगा उभा होता.

महिनाभरानं मीच विषय काढला. घरासाठी एखादं पिस्तूल घ्यावं असं ओळखीचे बरेच जण म्हणत होते. काकांनी विचारलं, "कशासाठी?"

"संरक्षणासाठी."

"कुणापासून? आणि तसा कुणी येणार नाही त्या बाकीच्या तीनशे चौसष्ट दिवशी पिस्तूल कुणाच्या हाताशी असेल?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांना विचारून इथे लिहिते आहे. बायको गेली त्या वर्षी त्यांनी कपाटातल्या सगळ्या बंदुका गाडीत घातल्या आणि भावाकडे ठेवून आले. भावानं कारण विचारलं नाही. वर्षभर कपाट रिकामं राहिलं. अमेरिकेत २०२२ साली बंदुकीनं ४८ हजारांहून अधिक माणसं मेली, त्यातली २७ हजार आत्महत्येनं. हा आकडा मी नंतर वाचला. काकांना आकड्याची गरज पडली नव्हती. त्यांना स्वतःची रात्र ठाऊक होती.

ते बोलत असताना मला आजो आठवत होता. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत. आजो ती पोत्यात गुंडाळून एसटीनं घेऊन जायचा आणि पावती देवघरात ठेवायचा. डुकरं शेत लोळवत असायची आणि तो नुसता डबा वाजवत फिरायचा. तेव्हा मला तो जुलूम वाटायचा. आजोला सरकार सांगत होतं, काकांनी स्वतःच स्वतःला सांगितलं. पण बंदूक आपली असली तरी ती सदैव आपल्या हाती असलीच पाहिजे असं नाही, हे दोघांनीही मानलं होतं. आमच्या घरात पिस्तूल आलं नाही. ते येणारही नाही.

बंदुकीनं हरणाच्या शिकारीचा हंगाम नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. पाच लाखांहून जास्त माणसं या राज्यात परवाने काढतात. कमरेच्या वरच्या कपड्यांचा निदान अर्धा भाग झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी असावा लागतो. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला मात्र लांबून दिसतो. माझी सगळ्यात मोठी शंका वेगळीच होती. ज्याला रान आवडतं तो रानात मारायला का जातो? काकांनी उपदेश केला नाही, हिशेब सांगितला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के, हँडगनवर १० टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांना वन्यजीव आणि त्यांची रानं राखण्यासाठी मिळतो. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत, कारण पाखरं तळ्याच्या तळाशी पडलेलं शिसं खड्यांसोबत गिळत. काकांनी तेव्हा त्या बंदीवर बरीच टीका केली होती. आता हरणासाठीही ते तांब्याची गोळी वापरतात, कारण रानात राहिलेली आतडी गरुड खातात आणि त्यांत शिशाचे कण असतात. एवढ्या ठाम मतांच्या माणसानं मत बदललेलं मी पाहिलं, म्हणून त्यांच्या उरलेल्या मतांवरही माझा विश्वास बसला.

हंगामासाठी त्यांनी मला वडिलांची थर्टी-थर्टी रायफल दिली, लिव्हर अ‍ॅक्शनची. हे काडतूस १८९५ चं. त्याहून जोरकस कितीतरी निघाली आहेत, पण आमच्या दाट रानात शंभर यार्डांपलीकडे दिसतंच कुठे? तिच्यात काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपतात. एकाचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकतं, म्हणून गोळी सहसा चपट्या तोंडाची असते. मला वाटलं होतं की काका स्वतः भरलेली काडतुसं देतील. त्यांनी दुकानातून नवी पेटी आणली. आयुष्यभर घरी काडतुसं भरणारा माणूस म्हणाला, "मी दुसऱ्यानं भरलेलं वापरत नाही आणि माझं दुसऱ्याला देत नाही. माझी चूक तुझ्या तोंडावर फुटायला नको."

पहिल्या दिवशी सूर्योदयाआधी आम्ही मचाणावर बसलो. पाण्याच्या बाटलीत बर्फ झालं होतं. साडेसातला टेकडीच्या माथ्यावर शिंगांचा नर उभा राहिला. मागे नुसतं आभाळ. मी रायफल उचललीच नाही. गोळी त्या आभाळातून पुढे कुठल्या अंगणात उतरेल हे मला दिसत नव्हतं, आणि काकांनाही काही सांगावं लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्यांनी खालच्या दलदलीत हाकारा घातला. हाकारा! शिमग्यात आमच्या गावची माणसं रान उठवायची, तसाच. साठ यार्डांवर मादी येऊन थांबली. आडवी, मागे मातीचा उंच बांध. खांद्यामागे नेम धरला आणि चाप ओढला. ती चाळीस पावलं पळाली आणि पडली. मला आनंद झाला का? पोटात खड्डा पडला, हात थरथरले, आणि ती तडफडली नाही याचं फार मोठं समाधान वाटलं. हे तिन्ही एकदमच झालं.

तिथेच पोट फाडायचं असतं. काकांनी सुरी माझ्या हाती दिली, ते कुठे कापायचं ते दाखवत राहिले. विस्कॉन्सिनच्या हरणांत २००२ पासून मेंदू झिजवणारा एक रोग सापडला आहे. माणसाला तो झाल्याचं आढळलेलं नाही, पण बाधित हरण खाऊ नये असं आरोग्य खातं सांगतं. म्हणून गळ्यातल्या गाठी तपासायला दिल्या. निकाल येईपर्यंत मांस शीतपेटीत. निकाल स्वच्छ आला त्या रविवारी मी भाजल्या खोबऱ्याचं वाटप लावून मालवणी रस्सा केला. हाकाऱ्याला आलेल्या प्रत्येक घरी वाटा गेला. आजो वाटा घालायचा तेव्हा बार कुणाचा, हाकारा कुणाचा, याचा हिशेब कधी चुकत नसे.

जानेवारीत काकांनी मला पुन्हा तळघरात बोलावलं. टेबलावर एकच पितळी पुंगळी होती. हंगामात माझ्या रायफलीतून पडलेली, त्यांनी बर्फातून उचलून ठेवलेली. काडतुसाचे चार भाग: पुंगळी, प्रायमर, दारू, गोळी. गोळी जाते, दारू जळते, प्रायमर फुटतो. पुंगळी उरते आणि पुन्हा पुन्हा वापरता येते. २०२० नंतर दुकानांतली काडतुसं आणि प्रायमर संपले तेव्हा कितीजण या छंदाकडे वळले. पण काका पैशांसाठी भरत नाहीत. चाळीस वर्षं इंचाच्या हजाराव्या भागात काम केलेल्या हातांना ते काम हवं असतं.

जुना प्रायमर काढायचा. दणक्यानं फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाला आणायची. लांबी मोजून वाढीव पितळ छाटायचं, कारण पितळ प्रत्येक बारामागे थोडं ताणलं जातं. मग नवा प्रायमर. यंत्र याच राज्यातल्या हार्टफर्ड गावच्या कारखान्याचं. दारू तोलायची ती ग्रेनमध्ये, एका पौंडात सात हजार. मला सोनाराची गुंज आठवली. एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन. छापील पुस्तकात त्या गोळीसाठी जेवढी दिली असेल त्यातल्या कमीतकमी मापापासून सुरुवात करायची, अंदाजानं काही नाही. टेबलावर दारूचा एकच डबा. फोन वर, रेडिओ बंद, बोलणं बंद. दारू दोनदा पडली तर बंदूक फुटते. पडलीच नाही तर प्रायमरच्या जोरानं गोळी नळीत अडकते आणि पुढचा बार तिच्यावर आदळतो. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत विजेरी मारून बघायचं.

मी दारू ओतत होते तेव्हा काका भिंतीला टेकून उभे होते, हात मागे बांधून. मी विजेरी मारली, पाहिलं, पुन्हा पाहिलं. गोळी बसवली. आजो हेच सगळं प्रत्येक बारामागे अंधारात, माळ्यावर बसून, नुसत्या हाताच्या अंदाजानं करायचा. तो चुकला असता तर?

काकांनी वही माझ्यापुढे सरकवली. तारीख लिहिली. पुंगळी, दारू, गोळी. मुलगा शेजारी येऊन उभा राहिला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "आई, इथे काय?"

मी देवनागरीत लिहिलं: एक हरण, सात घरं.